फुलर्टनचा नकाशा, हॅनवेलचा आवाज

जिम मार्शल हा मुळात ड्रम वाजवणारा आणि ड्रम शिकवणारा माणूस. १९६० साली त्याने पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात, ७६ अक्सब्रिज रोड इथे वाद्यांचं दुकान काढलं, तेही ड्रम विकण्यासाठी. पण ड्रमवाले आले की त्यांच्या मागोमाग त्यांच्या बँडमधले गिटारवालेही दुकानात शिरत. त्यांत बिग जिम सलिव्हन होता, कोवळा रिची ब्लॅकमोर होता, पुढे ‘द हू’मुळे जगभर गाजलेला पीट टाउनशेंड होता. या पोरांनी मार्शलच्या मागे टुमणं लावलं: गिटारी ठेव, अ‍ॅम्प्लिफायर ठेव. मार्शलने तेही ठेवले. मग पुढची तक्रार सुरू झाली. त्यांना हवा असलेला अमेरिकन अ‍ॅम्प समुद्र ओलांडून, जकात भरून दुकानात येईपर्यंत इतका महाग व्हायचा की क्लबात वाजवून दिवस काढणाऱ्या मुलाच्या तो आवाक्याबाहेर जाई. आणि इंग्लंडात बनणारे अ‍ॅम्प त्यांच्या कानाला पुरेसे दणकट वाटत नव्हते.

तो अमेरिकन अ‍ॅम्प म्हणजे फेंडर कंपनीचा बासमन. रॉक संगीतातल्या फाटक्या, तापलेल्या गिटारच्या आवाजाचा माग काढत गेलं, की एक मोठी वाट या यंत्राच्या दारात जाऊन पोचते. आणि हे यंत्र गिटारसाठी बनवलेलंच नव्हतं.

लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तो वादकांच्या हाती यंत्र देई, त्यांचं म्हणणं ऐकून घेई आणि पुन्हा टेबलावर घेऊन उघडी. १९५१ साली त्याने प्रिसिजन बास ही विजेवर वाजणारी बास गिटार काढली. तिचा खर्ज पेलेल असा अ‍ॅम्प हवा होता, म्हणून पुढच्याच वर्षी बासमन आला. पहिल्या बासमनमध्ये १५ इंची एकच स्पीकर होता. दर वर्ष-दोन वर्षांनी त्यात फेरफार होत गेले, आणि १९५८ ते १९६० या काळात जे रूप विकलं गेलं त्याचा सर्किट क्रमांक आहे ५एफ६-ए. पिवळसर ट्वीड कापडाने मढवलेला खोका, त्यात १० इंची चार जेन्सन स्पीकर आणि सुमारे ४५ वॉटची ताकद. बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच तो डोक्यावर घेतला. शिकागोच्या ब्लूजमधला बडी गाय हा त्यांतला ठळक माणूस.

या अ‍ॅम्पची मागची पट्टी काढून आत पाहिलं की रेडिओ मेकॅनिकचा हात ओळखू येतो. सगळे रेझिस्टर आणि कंडेन्सर एका लांब फायबरच्या पाटीवर ओळीने मांडलेले. कुठलाही भाग बिघडला तर तेवढाच सोल्डर काढून बदलता यावा अशी सोय. (आत ४०० व्होल्टच्या वरचा दाब खेळतो आणि अ‍ॅम्प बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो, म्हणून ही पट्टी जाणकारानेच काढावी.) गिटारच्या पिकअपमधून येणारा अगदी क्षीण सिग्नल प्रथम १२एवाय७ या व्हॉल्व्हमध्ये शिरतो. या काचेच्या नळीत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात. एक साध्या चॅनेलसाठी, दुसरा ब्राइट चॅनेलसाठी. तिथून सिग्नल १२एएक्स७मध्ये जातो. त्याचा पहिला अर्धा भाग सिग्नल आणखी मोठा करतो. दुसरा अर्धा भाग त्याला मोठा करत नाही, फक्त जोर देतो. या रचनेला कॅथोड फॉलोअर म्हणतात, आणि पुढच्या टोन सर्किटला सिग्नल दमदार मिळावा म्हणून ती तिथे बसवलेली आहे. टोन सर्किटमध्ये ट्रेबल, बास आणि मिडल अशी तीन बटणं आहेत, आणि त्यांचा एकमेकांवर परिणाम होतो. ट्रेबल वाढवला की बासची चाल बदलते. म्हणून बासमनवर हात बसायला वेळ लागतो.

टोन सर्किटनंतर सिग्नलच्या एकमेकांविरुद्ध दोन प्रती केल्या जातात आणि त्या दोन ५८८१ पॉवर व्हॉल्व्हना दिल्या जातात. दोघांनी ओढायची करवत जशी एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने ओढली जाते, तसे हे दोन व्हॉल्व्ह आउटपुट ट्रान्सफॉर्मरला आळीपाळीने ओढतात. स्पीकरकडे निघालेल्या सिग्नलचा थोडा अंश २७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागे आणून उलट्या दिशेने मिसळला जातो. हा निगेटिव्ह फीडबॅक. तो आवाज आटोक्यात ठेवतो, स्वच्छ ठेवतो. बासमनचं चौथं बटण, प्रेझेन्स, याच फीडबॅकमधून वरच्या पट्टीचे सूर वगळतं. ते सूर मग मोकळे सुटतात आणि गिटारला धार येते.

फेंडरने ही मांडणी आकाशातून आणली नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकांत नमुन्याची सर्किटं छापत असत आणि त्या काळचे रेडिओवाले त्यांवरूनच शिकत. मार्शलने फेंडरची नक्कल केली, हा आरोप आजही होतो. तो खोटा नाही. मात्र ज्याची नक्कल झाली त्याचीही मुळं याच सामाईक पुस्तकांत आहेत, हे आरोप करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं.

हॅनवेलच्या दुकानात दुरुस्तीचं काम केन ब्रॅन बघत असे. त्याच्या जोडीला आला डडली क्रेव्हन, ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा विशीच्या आतला हुशार मुलगा. मार्शलला वाद्यं कळत, आवाज कळे. व्हॉल्व्ह-रेझिस्टर हे काम या दोघांचं. त्यांनी बासमन उघडला आणि १९६२ साली त्याच धर्तीवर नमुने बनवायला घेतले. पहिले पाच नाकारून सहावा पसंत केला, असं मार्शल पुढे सांगत असे. या अ‍ॅम्पला जेटीएम४५ हे नाव मिळालं. जिम, त्याचा मुलगा टेरी आणि मार्शल ही त्यातली अक्षरं. ब्रॅन आणि क्रेव्हन यांच्या नावांचं एकही अक्षर त्यात नाही. या इतिहासातली ही सगळ्यात खुपणारी गोष्ट आहे.

नकाशा तोच होता, पण माल लंडनचा होता. आणि हा माल बदलल्याने काय झालं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

पहिल्या जागी १२एवाय७ऐवजी ईसीसी८३ आला. १२एएक्स७चंच हे युरोपी नाव. १२एवाय७ची वर्धनक्षमता चाळीस-पंचेचाळीसच्या घरात, तर ईसीसी८३ची १००. दोघांनाही नऊच पिना, दोघेही एकाच सॉकेटमध्ये बसतात, म्हणून हा फरक सोल्डरिंगची कांडी हातात न घेता ऐकता येतो. जेटीएम४५ बंद करून पहिल्या सॉकेटमधला ईसीसी८३ काढायचा, १२एवाय७ बसवायचा, आणि बटणांना हात न लावता तोच सूर पुन्हा छेडायचा. आवाज एकदम मागे सरकतो, मऊ होतो, आणि तो फाटायला लावायचा तर व्हॉल्यूम पुष्कळ वर न्यावा लागतो. मार्शलमध्ये पुढच्या टप्प्यांवर सुरुवातीपासूनच जास्त भार पडतो तो यामुळे.

दुसरा बदल जास्त गुंतागुंतीचा आहे. सुरुवातीच्या मार्शलमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर रेडिओस्पेअर्स कंपनीचा, म्हणजे सुट्या भागांच्या यादीतून मागवलेला तयार माल होता. बासमनचे चार स्पीकर २ ओहमचे जोडलेले, आणि फीडबॅकची तारही तिथूनच मागे जायची. मार्शलमध्ये ती ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टॅपवरून घेतली गेली. रेझिस्टर मात्र तोच, २७ किलोओहमचा. तेवढ्याच ताकदीला १६ ओहमच्या टॅपवरचं व्होल्टेज २ ओहमच्या जवळपास पावणेतीनपट असतं. म्हणजे मार्शलमध्ये फीडबॅक बराच वाढला. परिणाम असा, की तो एका मर्यादेपर्यंत बासमनपेक्षा घट्ट, ताठ वाजतो. आणि मर्यादा ओलांडली, फीडबॅकला आवर घालता येईनासा झाला, की एकदम तुटून पडतो. बासमन हळूहळू फाटत जातो. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला जो स्वभावातला फरक जाणवतो, त्याचा मोठा वाटा या एका तारेच्या जोडणीत आहे.

पॉवर व्हॉल्व्हसुद्धा बदलले. पहिल्या काही अ‍ॅम्पमध्ये ५८८१ होते, मग केटी६६ आला. हा ब्रिटिश व्हॉल्व्ह लंडनमध्येच, हॅमरस्मिथला बनत असे आणि घरगुती हाय-फाय अ‍ॅम्पमध्ये त्याचं नाव होतं. जुने मूळ केटी६६ आज सोन्याच्या भावाने विकले जातात आणि जेटीएम४५ची सगळी जादू त्यांतच आहे असं सांगितलं जातं. हे श्रेय प्रमाणापेक्षा जास्त आहे. केटी६६ला भरदार खालचे सूर आहेत, यात वाद नाही. पण त्याहून मोठा फरक खोक्याने केला. बासमनचा खोका मागून उघडा होता. स्पीकरच्या मागून निघणारा खर्ज वळसा घालून पुढच्या खर्जाला काही अंशी मारतो. मार्शलने अ‍ॅम्प वेगळा केला आणि १२ इंची चार सेलेस्टियन स्पीकर मागून बंद असलेल्या खोक्यात घातले. खर्ज आत कोंडला गेला आणि पुढून छातीवर आदळायला लागला. त्यातच सेलेस्टियनचे ते स्पीकर १५ वॉटचे, पातळ कागदी कोनाचे. अ‍ॅम्प तापला की तेही आवाजात आपली भर घालत.

व्हॉल्व्हचा आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं? सिग्नल इतका वाढतो की व्हॉल्व्हची ग्रिड, म्हणजे सिग्नल जिथे दिला जातो ती जाळी, धन बाजूला जाऊन स्वतःच प्रवाह ओढू लागते, आणि लाटेचा माथा दबतो. एका बाजूचा माथा दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त दबला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. त्याच वेळी जीझेड३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर यांच्यावर ओढ पडून आतला दाब किंचित खाली बसतो. म्हणून तार छेडल्याचा पहिला ठोका दबतो, आणि मागून सूर वर येत राहतो, त्याची आस लांबते. चांगला वादक हे बोटांनी सांभाळतो. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की तोच अ‍ॅम्प निवळतो. टोन तपासताना पहिली कसोटी हीच लावावी. जो अ‍ॅम्प फक्त फाटतो आणि निवळत नाही, त्यात कुठेतरी गडबड आहे.

१९६६च्या उन्हाळ्यात हा आवाज रेकॉर्डवर आला. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडची गिटारवादक एरिक क्लॅप्टनसोबतची एलपी लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेका स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. क्लॅप्टनने गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा दोन स्पीकरचा, उघड्या पाठीचा कॉम्बो आणला आणि स्टेजवर वाजवतो तेवढ्याच आवाजात वाजवायचा हट्ट धरला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गस डजनपुढे पेच पडला, कारण एवढा मोठा आणि फाटलेला आवाज तेव्हा स्टुडिओत दोष मानला जाई. क्लॅप्टन हटला नाही. निर्माता माइक व्हर्ननने ते तसंच ठेवलं. त्या अ‍ॅम्पला मॉडेल १९६२ म्हणतात. हे साल नाही, तो वितरकाच्या यादीतला क्रमांक आहे. पुढे लोकांनी त्याला ब्लूजब्रेकर हेच नाव दिलं.

टाउनशेंडला एव्हाना ४५ वॉट पुरत नव्हते. त्याच्या आग्रहातून १०० वॉटचे अ‍ॅम्प आले आणि एकावर एक रचलेले दोन खोके आले. १९६६-६७च्या सुमारास केटी६६ची जागा ईएल३४ने घेतली, रेक्टिफायर व्हॉल्व्ह जाऊन सिलिकॉन डायोड आले, टोन सर्किटमधल्या भागांची मूल्यंही बदलली, आणि मार्शलचा आवाज बासमनपासून आणखी दूर, मधल्या सुरांत जास्त आक्रमक झाला. जिमी हेंड्रिक्सच्या हाती पडला तो हा मार्शल. त्याची मार्शलशी गाठ घालून दिली ती त्याच्या ड्रमरने, मिच मिचेलने. तो पूर्वी जिम मार्शलकडे ड्रम शिकलेला होता.

आज ५एफ६-एचा नकाशा कुणालाही सहज मिळतो. अवघड आहे तो माल. इंग्लंडातले आणि अमेरिकेतले व्हॉल्व्हचे मोठे कारखाने केव्हाच बंद झाले. आता नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा, रशियातल्या साराटोव्ह आणि चीनमधून येतात. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घालताच सगळ्या अ‍ॅम्पवाल्यांची धावपळ उडाली होती. जुनं नाव छापलेला नवा केटी६६ जुन्यासारखा वाजेल याची खात्री नसते. म्हणून जेटीएम४५च्या नावाने विकला जाणारा अ‍ॅम्प तपासताना व्हॉल्व्हवरचा छाप वाचण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: पहिल्या सॉकेटमध्ये काय बसवलं आहे, फीडबॅकची तार ट्रान्सफॉर्मरच्या कुठल्या टॅपला जोडली आहे, आणि खोक्याची पाठ बंद आहे की उघडी.