वैद्यकीय गोपनीयता व रुग्णाधिकार

वैद्यकीय गोपनीयता : रोगनिदान व उपचार यांच्या निमित्ताने रोग्याविषयी जी माहिती वैद्यास, परिचारिकेस वा रुग्णालयास प्राप्त होते, ती रोग्याच्या संमतीवाचून इतरांस न कळविण्याच्या बंधनास वैद्यकीय गोपनीयता म्हणतात. रोग्याने तोंडी सांगितलेला वृत्तांत, शरीरतपासणीत आढळलेली लक्षणे, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे निष्कर्ष, क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेची टिपणे व रुग्णालयातील केसपेपर या सर्वांचा तीत समावेश होतो. या बंधनाचा उगम वैद्याच्या व्यवसायधर्मात आहे. रोग्याचा हक्क म्हणून त्यास व्यापक मान्यता मिळाली ती मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एके काळी वैद्याच्या सौजन्यावर अवलंबून असलेली गोष्ट रोग्यास कायद्याच्या आधारे मागता येऊ लागली, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य बदल होय.

गोपनीयतेच्या मुळाशी एक व्यावहारिक कारणही आहे. आपला रोग चारचौघांत उघड होईल अशी भीती असल्यास रोगी वैद्याकडे जाण्याचे टाळतो किंवा गेल्यास खरे सांगत नाही. क्षय, कुष्ठरोग, गुप्तरोग, मनोविकार, वंध्यत्व यांसारख्या ज्या व्याधींना समाजात कलंक चिकटलेला असतो, त्यांच्या बाबतीत ही भीती विशेष प्रबळ असते. त्यामुळे गोपनीयता ही केवळ एका व्यक्तीची सोय नसून सार्वजनिक आरोग्याचीही गरज ठरते.

प्राचीन परंपरा : इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या हिपॉक्राटीझच्या शपथेत, उपचार करताना जे पाहिले वा ऐकले ते उघड करण्याजोगे नसल्यास त्याविषयी मौन पाळण्याची प्रतिज्ञा आहे. भारतात चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यकाच्या शिष्यास द्यावयाचा उपदेश आला आहे. त्यात रोग्याच्या घरातील व्यवहार बाहेर सांगू नयेत, असा स्पष्ट दंडक घालून दिला आहे. रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले, तरी ज्या ठिकाणी ते सांगितल्याने रोग्यास वा इतरांस आघात होईल तेथे ते बोलू नये, असेही तेथे म्हटले आहे. या दोन आदेशांत एक भेद आहे. पहिल्यात रोग्याची माहिती परक्यांपासून राखली जाते, तर दुसऱ्यात ती प्रसंगी रोग्यापासूनच दूर ठेवली जाते. घरच्या मंडळींना आधी सांगावयाचे व रोग्यास शेवटी, ही आपल्याकडील रूढी या दुसऱ्या विचारसरणीशी जुळणारी आहे. आधुनिक रुग्णाधिकारांनी यांपैकी पहिला आदेश अधिक बळकट केला व दुसऱ्यास मर्यादा घातल्या.

यूरोप-अमेरिकेतील कायदा : अठराव्या शतकापर्यंत गोपनीयता हा वैद्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मानला जाई. न्यायालयात तिचे स्थान काय, हा प्रश्न इंग्लंडमध्ये १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवरील द्विविवाहाच्या खटल्यात उपस्थित झाला. साक्षीस बोलाविलेले शल्यचिकित्सक सीझर हॉकिन्स यांनी व्यवसायाच्या ओघात कळलेली गोष्ट सांगण्यास संकोच दर्शविला. स्वेच्छेने रहस्यस्फोट करणे अप्रतिष्ठेचे असले, तरी न्यायालयाच्या प्रश्नास उत्तर देण्यापासून वैद्यास सूट नाही, असा निर्णय लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. इंग्लिश विधिपरंपरेत तो कायम राहिला. फ्रान्समध्ये याच्या उलट मार्ग अनुसरण्यात आला. तेथील १८१० च्या दंडसंहितेने वैद्य, शल्यचिकित्सक, औषधविक्रेते व सुईणी यांनी रोग्याचे गुपित फोडणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १८२८ मध्ये कायदा करून रोग्याची माहिती न्यायालयात उघड न करण्याचे संरक्षण दिले. मँचेस्टरचे वैद्य टॉमस पर्सिव्हल यांच्या १८०३ मधील वैद्यकीय नीतिविषयक ग्रंथाने व त्याच्या प्रभावाखाली तयार झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या संहितेने हे तत्त्व व्यावसायिक आचारात रुजविले.

दुसऱ्या महायुद्धात बंदिवानांवर करण्यात आलेल्या अघोरी वैद्यकीय प्रयोगांमुळे रोग्याच्या संमतीचा प्रश्न जगापुढे आला. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता व जागतिक वैद्यक संघटनेची १९४८ ची जिनीव्हा घोषणा ही त्याची फलिते होत. जिनीव्हा घोषणेतील गोपनीयतेचे कलम रोग्याच्या मृत्यूनंतरही लागू राहील, अशी दुरुस्ती १९६८ मध्ये करण्यात आली. त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १९६६ मध्ये, विन्स्टन चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी चर्चिल यांच्या आजारपणाविषयी ग्रंथ प्रसिद्ध करून मोठा वाद ओढवून घेतला होता. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने रुग्णाधिकारांची सनद स्वीकारली व १९८१ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेची लिस्बन घोषणा प्रसिद्ध झाली.

याच काळात गोपनीयतेच्या मर्यादाही आखल्या गेल्या. आपल्या रोग्याकडून एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या जिवास गंभीर धोका आहे हे मानसोपचारतज्ञास कळले, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे त्याचे कर्तव्य ठरते, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात दिला. गोपनीयता निरपवाद नाही हे तत्त्व त्यानंतर बहुतेक देशांत मान्य झाले. अपवाद कोठवर न्यावयाचे, हा मात्र वादाचा विषय राहिला.

भारतातील साथी व सक्ती : ब्रिटिश अमदानीत रोग्याच्या खाजगीपणाचा पहिला मोठा संघर्ष सरकारी आरोग्ययंत्रणेशी झाला. सैनिकांतील गुप्तरोगांस आळा घालण्यासाठी केलेल्या १८६८ च्या कायद्यान्वये वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी होत असे. तो १८८८ मध्ये रद्द झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. रोग्यांना घरातून उचलून नेण्याच्या धास्तीमुळे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. त्या वर्षी पुण्यात रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेण्यात आल्या. देवघर-माजघरापर्यंत शिरून संशयितांना बाहेर काढणे, स्त्रियांची तपासणी करणे व कुटुंबियांची छावण्यांत रवानगी करणे यांमुळे असंतोष पराकोटीस गेला. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की लोक रोगी व मृतदेहही लपवू लागले. म्हणजे ज्या सक्तीने साथ आवरावयाची, तीच रोग दडविण्यास कारणीभूत झाली.

साक्षीपुराव्याच्या क्षेत्रात १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने इंग्लिश परंपराच स्वीकारली. वकील व पक्षकार यांच्यातील संभाषणास त्यात संरक्षण होते, वैद्य व रोगी यांच्यातील संभाषणास नव्हते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हा भेद कायम ठेवला आहे. वैद्याने गुप्तता पाळल्याचे एक बहुचर्चित उदाहरण मुंबईचे आहे. बॅ. महंमद अली जिना यांच्या फुप्फुसांतील प्रगत क्षयाचे निदान त्यांचे डॉक्टर जे. ए. एल. पटेल यांनी फाळणीपूर्वी गुप्त राखल्याचे फ्रीडम ॲट मिडनाइट (१९७५) या पुस्तकात म्हटले आहे. ती माहिती फुटली असती तर इतिहास बदलला असता काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

एड्स व न्यायालये : गोपनीयतेचा प्रश्न स्वतंत्र भारतात तीव्रतेने पुढे आला तो एचआयव्ही संसर्गामुळे. गोव्यात १९८६ च्या दुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य अधिनियमात अशा रोग्यांच्या सक्तीच्या विलगीकरणाची तरतूद झाली होती. नियमितपणे रक्तदान करणारे डॉमिनिक डिसूझा यांच्या रक्तात संसर्ग आढळताच १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले व म्हापसा येथील एका जुन्या क्षयरुग्णालयात सुमारे दोन महिने एकाकी ठेवले. त्यांच्या आई ल्यूसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसूझा यांची सुटका झाली; परंतु विलगीकरणाचा अधिकार न्यायालयाने वैध ठरविला. डिसूझा यांनी पुढे बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापन केली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर न्यायालयांचा दृष्टिकोन हळूहळू बदलला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बाधित कामगारास नाव गुप्त ठेवून याचिका चालविण्याची मुभा दिली व कामास सक्षम असलेल्या व्यक्तीस केवळ संसर्गाच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये आलेल्या प्रकरणात रक्ततपासणीचा निष्कर्ष रुग्णालयाकडून बाहेर गेल्यामुळे एका व्यक्तीचा ठरलेला विवाह मोडला होता. नियोजित वधूचे आरोग्य रक्षिण्याचा हक्क गोपनीयतेहून श्रेष्ठ होय, असा निर्णय त्यात झाला. बाधितांच्या विवाहाच्या हक्कासंबंधी त्यात केलेली व्यापक विधाने अनावश्यक होती, असे त्याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. २०१७ मध्ये न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केल्यावर या प्रश्नास संवैधानिक अधिष्ठान लाभले. एचआयव्ही व एड्स अधिनियम (२०१७) १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. काही विहित अपवाद वगळता बाधिताच्या माहितीपूर्ण संमतीविना त्याची स्थिती उघड करण्यास त्याने मनाई केली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम (२०१७) व वैद्यकीय गर्भपात अधिनियमातील २०२१ ची दुरुस्ती यांतही गोपनीयतेच्या स्पष्ट तरतुदी आहेत.

केसपेपरवरील रोग्याचा हक्क : माहिती परक्यांपासून राखणे व ती स्वतः रोग्यास मिळणे, या एकाच अधिकाराच्या दोन बाजू होत. प्रदीर्घ काळ रुग्णालये केसपेपर ही आपली मालमत्ता समजून रोग्यास वा त्याच्या वारसांस प्रती देण्याचे नाकारीत आणि त्यासाठी गोपनीयतेचेच कारण पुढे करीत. उपचारांत हयगय झाल्याची शंका असणाऱ्या कुटुंबास त्यामुळे पुराव्याअभावी गप्प बसावे लागे. १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. रोग्याच्या रहस्यरक्षणाचे बंधन रोग्याविरुद्ध वापरता येत नाही, असा त्याचा आशय होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे व मागणी झाल्यास ७२ तासांत पुरविणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका व अधिसूचित रोग एवढेच गोपनीयतेचे अपवाद या नियमांनी मानले आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सिद्ध केलेल्या रुग्णाधिकार सनदेत अभिलेख व गोपनीयता या दोहोंचा अंतर्भाव आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती करून अशी सनद दर्शनी भागी लावणे आवश्यक करण्यात आले.

नवे प्रश्न : २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत बाधितांच्या दारांवर फलक लावण्यात आले व त्यांच्या नावांच्या याद्या दूरध्वनींवरून फिरल्या. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सांगितले. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली आरोग्यविषयक नोंदी संगणकीय जाळ्यात जोडण्यात येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील व्यवहार काही दिवस हाताने लिहून चालवावे लागले. कपाटातील एक केसपेपर हरवल्यास एका रोग्याचे नुकसान होते. संगणकीय भांडारात एका प्रसंगी लक्षावधींची माहिती उघडी पडू शकते. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत झाला.

तथापि, कायद्याची प्रगती व रुग्णालयातील प्रत्यक्ष व्यवहार यांत अद्याप अंतर आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत रोग्यास सर्वांदेखत त्याचा आजार विचारला जातो, वॉर्डात निदान मोठ्याने सांगितले जाते व नातेवाइकांना रोग्याच्या आधी कल्पना दिली जाते. अपुरी जागा व डॉक्टरांवरील कामाचा भार ही त्याची खरी कारणे आहेत. ती दूर झाल्याविना कलमे अपुरी पडतात. प्लेगच्या काळी रोगी लपविणारी कुटुंबे व एड्सच्या काळी तपासणी टाळणारे रोगी एकाच भीतीने वागत होते. ती भीती कमी करणे हे गोपनीयतेचे मूळ कार्य होय.