पोपटाच्या वाटीत काय होतं?

तुमच्या गाइडने कधी "पारंपरिक" या शब्दावर रेघ मारून समासात "कधीपासून?" असं लिहिलंय का? माझ्या बाबतीत झालं. वाक्य अगदी साधं होतं: परभणी जिल्ह्यात घरच्या पोपटाला पारंपरिक आहार म्हणून भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि पेरू देतात. मला वाटलं, यात तारीख काय शोधायची? गंगाखेडला विचारा, पाथरीला विचारा, उत्तर तेच.

मग वाटीतला एकेक जिन्नस वेगळा करून बघितला. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. पेरूही तिकडचाच. शेंगदाणा, मक्याचं कणीस, तेही. सूर्यफुलाचं बी तर आपल्या शेतांत तेलबी म्हणून १९७०च्या आसपास रुजलं. ज्वारी आफ्रिकेतून आली, पण हजारो वर्षांपूर्वी. म्हणजे पोपटाच्या वाटीतलं खरं जुनं म्हणावं असं हरभरा आणि ज्वारी. बाकी फार तर पाचशे वर्षांचं. (मिरची त्याला झोंबत कशी नाही, असं आपण लहानपणी विचारायचो ना? पक्ष्यांना तिखटाची जाणीवच होत नाही.)

तर मग पेरू-मिरचीच्या आधी पोपट काय खायचा? इथे मला अनपेक्षित ठिकाणी सोर्स सापडला. बाणभट्टाची 'कादंबरी', सातवं शतक. ज्या पुस्तकाच्या नावावरून आपण मराठीत प्रत्येक नॉव्हेलला कादंबरी म्हणतो, त्यातली बरीचशी गोष्ट एक पोपट सांगतो, हे मला पीएचडीला येईपर्यंत माहीत नव्हतं! वैशंपायन त्याचं नाव. राजा शूद्रक त्याला विचारतो, आत काही खायला मिळालं का? पोपट यादीच देतो: जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे, आवळे. मी आनंदाने यादी टिपून घेतली आणि "सातव्या शतकातील पोपटाचा आहार" असं शीर्षकही देऊन टाकलं.

घाई झाली. कारण त्याच्याच पुढे तो म्हणतो की राण्या स्वतःच्या हाताने भरवतात म्हणून सगळंच अमृतासारखं लागतं. अरे, हा तर दरबारात उभा राहून खुशामत करतोय! ही यादी राजवाड्याची शोभा सांगते. रोज सकाळी वाटीत काय पडायचं, ते यातून कळेलच असं नाही. तुम्हीही सोर्स वाचताना उताऱ्याच्या पुढची दोन वाक्यं जरूर वाचा, तिथेच बोलणाऱ्याचा हेतू उघडा पडतो.

त्याच पुस्तकात दुसरा आहार आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. वैशंपायन पिलू असतानाचा. स्थळ म्हणजे दंडकारण्यातलं एक सरोवर, गोदावरीकाठच्या अगस्त्याश्रमापासून जवळच, आणि तिथलं जुनं सावरीचं झाड. आई त्याला जन्म देतानाच गेलेली. म्हातारा बाप उडू शकत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या घरट्यांतून खाली पडलेले भाताचे दाणे आणि इतर पोपटांनी कुरतडून टाकलेले फळांचे तुकडे वेचून आणतो, पिलाला देतो, उरलं तर आपण खातो. यात खुशामत नाही. उष्टं-सांडलेलं वेचणारा बाप बाणाला कुठूनतरी दिसलेला असणार. एक गोष्ट मात्र काव्यात येत नाही: खरा पक्षी दाणा आधी स्वतः गिळून मऊ करतो आणि मग पिलाच्या चोचीत उलटवतो. पुढे एक शिकारी झाडावर चढून पोपटांच्या माना मुरगाळतो. बापाच्या पंखाखाली दडलेलं पिलू तेवढं वाचतं.

आता शेताकडे या. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या माणसाला पोपट म्हणजे चोर. त्याच माणसाच्या घरी ओसरीवर राघूला डाळ. शेतीच्या कागदांत नासाडी करणारा पक्षी सापडतो, पण पिंजऱ्यातल्याचा खुराक कोणी लिहून ठेवत नाही, कारण तो बायका आणि लेकरं देत आलीत. म्हणून मुलाखतीला पर्याय नाही.

आणि मुलाखतीतच मी अडकले. पूर्णा नदीकाठच्या एका गावात, शिमगा झाल्यावर, एका आजींनी टोपलीखालचं पिलू दाखवलं. पिसं अर्धीच फुटलेली. "दूधभाकरी देते, पण खातच न्हाई बघ. काय देऊ गं माय याला?"

मला उत्तर माहीत होतं. दूध नको, पक्ष्याला ते पचत नाही. हरभरा-मूग मऊ शिजवून, बारीक वाटून, कोमट, मीठ न घालता, थोडं थोडं. मोठं झाल्यावर मोड आलेली कडधान्यं, गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, फळं; नुसत्या डाळीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं तर 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. पण हेही माहीत होतं की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला रानपोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, आणि हे पिलू कुठल्यातरी झाडाच्या ढोलीतून काढलेलं होतं. माझ्या वहीत आजींचं नाव, गाव, तारीख, सगळं पेनाने लिहिलेलं. संमतीपत्रावर अंगठाही घेतलेला. माझं प्रकरण उद्या छापलं तर ती वही म्हणजे त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

मी ते पान फाडलं नाही, तुम्हीही फाडू नका. नावं वेगळ्या वहीत नेली, प्रबंधात फक्त क्रमांक आणि तालुका. गाइडशी बोलले, पण हे मी गावात जायच्या आधी करायला हवं होतं.

आजींना कोमट पेस्टचं सांगितलं आणि वन विभागाचा १९२६ हा नंबरही दिला, ते पिलाची सोय करतील म्हणून. त्यांनी नंबर लिहिलेला कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "नेत्याल ना? मग अजून आठ दिवस खाऊ दे त्याला."