काचेवरचा ठिपका: २६४ तासांचा घटनाक्रम

फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यावर, समुद्री गवतात राहणारा बुटका समुद्रघोडा, हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. भारतात २००१ मध्ये सगळ्या समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यामुळे आपल्याकडे ते घरी पाळता येत नाहीत. अमेरिकेत मात्र टाकीत जन्मलेले घोडे विकत मिळतात, आणि तिथल्या टाक्यांत पुन्हा पुन्हा घडणारा क्रम साधारण असा.

पिल्लं जन्मण्याच्या २४० तास आधी. मादीनं नराच्या पिशवीत अंडी सोडली. दहा-बारा दिवसांत पिल्लं येणार. त्याच सुमारास टाकीत शेवाळाचा नवा झुबका घातला जातो. त्याला चिकटून आणखी कोण आलं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

१६८ तास आधी. काचेवर पांढरे ठिपके. आता भिंग हवं. चकलीसारखा घट्ट वळलेला ठिपका म्हणजे स्पायरॉर्बिड किडा, निरुपद्रवी. झटके देत पळणारा कण कोपेपॉड, तो तर घोड्यांचा खाऊच. नळीतून पिसांचा तुरा काढणारा आणि सावली पडताच तो क्षणात आत ओढणारा किडाही राहू द्यावा. पण बारीक देठ, टोकाला शुंडकांचा झुपका, आणि धक्का लागला तरी सावकाश आखडणारा जीव दिसला, तर तो हायड्रॉइड. शाळेच्या पुस्तकातल्या हायड्राचा हा समुद्री भाऊबंद. खात्री करायची तर ब्राइन श्रिंप या घोड्यांना खाऊ घालायच्या बारीक जीवाची थोडी पिल्लं पिपेटनं जवळ सोडावीत. शुंडकाला लागलेलं पिल्लू तिथेच अडकतं.

१२० तास आधी. समुद्रघोड्याला जठर नसतं. अन्न आतड्यातून भराभर पुढे जातं, म्हणून दिवसातून अनेकदा ताजी उबवलेली ब्राइन श्रिंप घालावीच लागते. हायड्रॉइडला तीच मानवते. घोड्यांसाठी घातलेला प्रत्येक घास त्याचीही वसाहत वाढवतो: काचेवर मुळांसारखे धागे पसरतात, धाग्यांवर नवे देठ उगवतात. खरवडून काढावं, तर सुटलेल्या तुकड्यांतून तो पुन्हा वाढतो.

७२ तास आधी. अजून वेळ आहे. फेनबेंडाझोल हे जनावरांना जंतांसाठी देतात ते औषध हायड्रॉइडला मारतं आणि घोड्यांना सोसतं. मात्र गोगलगाई आणि नळीतले किडेही त्यात मरू शकतात, ते कुजले की अमोनिया वाढतो, म्हणून पाणी बदलत राहावं लागतं. खडकात मुरलेलं औषध दीर्घकाळ तिथेच राहतं. या कटकटीपायी लोक थांबतात. गाभण नर टाकीत असताना असं थांबणं मला अक्षम्य वाटतं. औषध नको असेल, तर निदान नराला मोकळ्या टाकीत हलवावं.

२४ तास आधी. नराचं पोट टम्म झालेलं. तो ज्या पात्याला शेपूट गुंडाळून आहे, त्याच्यावरही देठ उगवलेले.

शून्य तास. पिल्लं बाहेर पडतात. एकेक सेंटिमीटरभरही नसतं, पण आकार आईबापांचाच. जन्मताच शेपटीनं काहीतरी धरायचं, एवढं त्यांना उपजत कळतं. गवताचं पातं, हवेची नळी, जे सापडेल ते. नेमक्या त्याच जागा हायड्रॉइडनं व्यापलेल्या आहेत.

१ तासानंतर. हायड्रॉइडच्या शुंडकांवरच्या दंशपेशी आपलं काम करतात. पिल्लू सुटायला धडपडतं, तशी आणखी शुंडकं त्याला लागतात.

६ तासांनंतर. जी सुटली, त्यांच्या कातडीवर जखमा. त्यांतून जिवाणू शिरतात. पिल्लं खात नाहीत, आणि न खाता ती फार काळ तग धरत नाहीत.

२४ तासांनंतर. तळाशी मेलेली पिल्लं. एव्हाना नरानं कदाचित पुन्हा अंडी घेतलेली असतील, कारण पिल्लं सोडल्यावर दिवसभरातच तो त्यासाठी तयार होतो. अमेरिकेत हे घोडे पाळणाऱ्या वाचकांना म्हणून कळकळीची विनंती: पुढच्या पिल्लांसाठी धुतलेली, मोकळी टाकी आजच लावा, ब्राइन श्रिंपची अंडी कवच काढून उबवा, आणि आणलेलं प्रत्येक शेवाळ टाकीत घालण्याआधी भिंगाखाली पाहा.