तुऱ्याचं घड्याळ

दिवाळी आटोपली की कन्हेरीच्या शिवारात आडसाली उसाच्या शेंड्यांवर रुपेरी तुरे डोलू लागतात. वाटसरू थांबून फोटो काढतो. ऊसवाला तोडीची पाळी कधी येते ते विचारतो. कारण तुरा आला की उसाची वाढ खुंटते. तोड लांबली तर पांगशा फुटतात, कांड्यांत दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही घटतात.

हा तुरा दिवाळीत येत असला, तरी तो ठरतो भाद्रपदात. दिवस आखडत साडेबारा तासांच्या आसपास आला, की कांडी धरलेल्या उसाचा शेंडा पानं करायचं सोडून फुलोऱ्याच्या तयारीला लागतो. एवढा काटेकोर हिशेब ठेवतं कोण?

या हिशेबनिसाचं कूळ शोधायला १७२९ सालच्या फ्रान्समध्ये जावं लागतं. द मेराँ या खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूचं रोप अंधारात कोंडलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ झाडाच्या आतच होतं. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर दाखवून दिलं, की फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते.

घड्याळाची चाकं हाती लागायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात काजव्याचं जनुक घातलं, तेव्हा त्याची चमक दिवसाच्या लयीत कमी-जास्त होऊ लागली. एका रोपाची लय चोवीसऐवजी एकवीस तासांतच फिरत होती. त्यात बिघडलेलं जनुक ‘टीओसी-१’. ही नोंद १९९५ ची. सकाळी ‘सीसीए-१’ आणि ‘एलएचवाय’ ही जनुकं जागी होऊन त्याला दाबतात, संध्याकाळी ते या दोघांना दाबतं. दिवस-रात्रीची ही पाळी म्हणजेच घड्याळ. ते ‘कॉन्स्टन्स’ या जनुकाला ठरल्या वेळी काम लावतं. त्या वेळी बाहेर उजेड आहे की अंधार, यावर फुलायचं की नाही ते ठरतं. भातातही हेच जनुक सापडलं, फक्त लांब दिवसांत तिथे ते फुलोरा अडवतं. उसाच्या पानांतल्या जनुकांची रोजची लय ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली मांडली.

आता शिवारातलं वाण पाहा, को ८६०३२. ८६०३२ च्या आधीचं ‘को’ म्हणजे कोइमतूर. १९१२ साली ऊस पैदास केंद्र तिथे निघालं, ते तिथे उसाला तुरा येतो आणि बी धरतं म्हणून. विषुववृत्ताच्या जवळ दिवस सावकाश आखडतो, त्यामुळे उसाला हव्या तशा रात्री पुष्कळ मिळतात. तिथेच को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या तुऱ्यांचा संकर होऊन ८६०३२ जन्मलं.

तुरा कमी येतो म्हणून कन्हेरीकर ज्या वाणाला पसंत करतात, त्याचे आईबाप तुऱ्यावर आले होते म्हणूनच ते आहे.