शिरोड्याचे शिरोडकर आणि त्यांचा टाका

जगातल्या कुठल्याही देशातले प्रसूतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडा, त्यात 'शिरोडकर' हे आडनाव सापडते. ते आपल्या गोव्यातल्या शिरोडा गावचे आहे, हे मात्र इथेही फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालचा. शाळा हुबळीला आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. १९२७ साली एम.डी. व १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. मिळवून पुढे त्यांनी ग्रँटमध्येच प्रसूती व स्त्रीरोग हे विषय शिकवले.

त्यांच्याकडे येणाऱ्या काही बायकांची कहाणी एकसारखी असे. दिवस जात, पहिले तीन महिने नीट जात आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळाही न येता, गर्भ पडून जाई. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. विश्रांती, हॉर्मोनची औषधे, कशाचाच उपयोग होत नसे. अशा वेळी आपल्या समाजात बोट कोणाकडे दाखवले जाई ते सांगायला नको. तिची कूसच वाईट, तिचे नशीबच तसले! मग गाऱ्हाणी, नवस, आणि शेवटी नवऱ्याचे दुसरे लग्न.

शिरोडकरांनी दोष नेमका कुठे आहे ते शोधले. या बायकांत गर्भ निरोगी असे, पण गर्भाशयाचे तोंड कमकुवत असे. गर्भाचे वजन वाढले की ते वेळेआधीच उघडे. नाडी सैल असलेल्या पिशवीसारखे. उपाय म्हणून त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून तिने ते तोंड आवळून बांधले. १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मॅकडोनल्ड यांनी त्याहून सोपा टाका मांडला. आज दोन्ही टाके वापरात आहेत. मांडीतल्या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याने वा फितीने घेतली, आणि साधारण ३७व्या आठवड्याच्या सुमारास तो काढतात.

सरकारने त्यांना १९६०मध्ये पद्मभूषण आणि १९७१मध्ये पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी मार्च महिन्यात ते वारले.

गंमत अशी की इंग्रजी वैद्यकानेही या दुखण्याला वर्षानुवर्षे 'इन्कॉम्पिटंट सर्व्हिक्स' म्हटले, म्हणजे सरळ भाषेत नालायक! अलीकडे तो शब्द मागे पडत चालला आहे. आपल्या घरांतले शब्द कधी मागे पडणार?

बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांत होतात, त्यांची कारणे वेगळी असतात, आणि तिथे हा टाका कामाचा नाही. म्हणूनच एखादीचे मूल पुन्हा पुन्हा जात असेल तर तिच्या पायगुणाची चर्चा करण्यापेक्षा दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कितव्या महिन्यात गेले, आणि कळा आल्या होत्या का. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.