बिऱ्हाड, लेकरे आणि नवी वस्ती

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या वसाहतीचा इतिहास मी लिहावा, असा संपादिका भगिनींनी आग्रह धरला. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, किल्ले असे काही तरी डोळ्यांपुढे येते. आपल्या वसाहतीत त्यातले काहीच घडलेले नाही. येथे घडले ते एवढेच की, कडेवर एक व बोटाला धरलेले एक अशी लेकरे घेऊन निरनिराळ्या गावांहून आपण बाया आलो, चुली मांडल्या आणि राहिलो. पण लहान लेकरे घेऊन परगावी जाताना बिऱ्हाड कोणत्या वस्तीत मांडावे हा प्रश्न आपल्यातील प्रत्येकीपुढे कधी ना कधी उभा राहिलेला आहे, आणि त्या प्रश्नाला मात्र इतिहास आहे. मी मूळची लातूरकडची. १९९९ साली यांची बदली झाली म्हणून नांदेडला आले. तेव्हा या दोन्ही गावांना धरूनच चार शब्द लिहिते.

आपल्या आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. जुन्या नांदेडात होळी, गाडीपुरा, चौफाळा, इतवारा अशा मोहल्ल्यांतून माणूस राहत असे ते आपल्या भाऊबंदांच्या व जातीच्या आधाराने. घर निवडायचे नसायचे, ते वारशाने येत असे. आणि ज्यांना ते आले नाही त्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे, हेही आपण विसरू नये. पाण्याला गोदावरी होती, घरोघरी आड होते. हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि हळूहळू गावाचा ओघ स्टेशनाच्या बाजूस वळला.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. तेथे बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली पोहोचली आणि व्यापाराला बरकत आली. १९१७ साली गंजगोलाई बांधली गेली. मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि भोवती सोळा रस्ते, अशी ही रचना आजही पाहणाऱ्याला चकित करते. लातूरकरांना तिचा अभिमान आहे, मलाही आहे. पण एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. हे सोळाही रस्ते माल आणण्यासाठी व नेण्यासाठी आखलेले. सराफ कोठे बसेल, कापड कोठे विकले जाईल याचा विचार त्यात आहे. लेकराने खेळावे कोठे याचा नाही. त्या काळी तो कोणीच करीत नसे, म्हणून दोष देण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या बारा वर्षांत कचेऱ्या, शाळा, दवाखाने वाढले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० सालचे. बदलीची नोकरी करणारा एक नवा वर्ग निर्माण झाला आणि त्याच्याबरोबर किरायाची खोली ही नवी वस्तू आपल्या संसारात आली. भाऊबंद मागे राहिले. शेजार कसा मिळेल हे आता नशिबावर आले.

याच वेळी जगात दुसरीकडे या प्रश्नाचा शास्त्रीय विचार चालू होता. क्लॅरन्स पेरी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली अशी कल्पना मांडली की, वस्ती मोजावी ती शाळकरी मुलाच्या पावलांनी. मध्यभागी प्राथमिक शाळा असावी, घरापासून ती पाव मैल, फार तर अर्धा मैल असावी, आणि शाळेत जाताना मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत. चंदीगडची सेक्टरे याच विचाराच्या घराण्यातील. १९७० साली महाराष्ट्र शासनाने सिडको स्थापन केली आणि पुढे आपल्या नांदेडातही गोदावरीच्या दक्षिणेला तिने नवे नांदेड वसविले. ‘सिडको-हडको’ हा शब्द आता आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो मूळचा इंग्रजी अक्षरांचा आहे हेही ध्यानात येत नाही. तेथे शाळेला, बाजाराला, मैदानाला जागा कागदावर आधी ठेवलेली असे. माझ्या मते हे मोठेच काम होय. खाजगी प्लॉटिंगमध्ये ही गोष्ट फार क्वचित दिसते.

परंतु वस्तीविषयी मला जे काही कळले ते नांदेडात कळले नाही. ते कळले औसा तालुक्यात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. आपल्याकडील जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात त्याच्याइतके थंड घर नाही. पण त्या पहाटे तेच माळवद निजलेल्या माणसांवर आले. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली.

त्यानंतर बावन्न गावे जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी बसविण्यात आली. जमीन किती आहे ते पाहून अडीचशे, चारशे व साडेसातशे चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरकार, जागतिक बँक, देशभरातील संस्था यांनी हात दिला. इतक्या थोड्या वर्षांत इतकी घरे उभी राहिली हे काम लहान नव्हे, आणि पुढच्या भूकंपात ती लेकरांच्या अंगावर येणार नाहीत हे सर्वांत मोठे.

माझी मावशी अशाच एका गावातील. ती वाचली. १९९७ च्या दिवाळीत मी तिच्या नव्या घरी गेले, तेव्हा थोरली माझ्या कडेवर होती. गाव पाहून मी थक्क झाले. सरळ रुंद रस्ते, रांगेने सारखी घरे. एखाद्या शहराच्या कॉलनीसारखे. जुने गाव दाटीचे होते, पाच मिनिटांत या टोकाचे त्या टोकाला जाता येई. नवे त्याच्या कितीतरी पट पसरलेले. मी म्हणाले, “मावशे, केवढं मोकळं आहे गं!” ती म्हणाली, “मोकळं हाय खरं. पण लेकरू रडलं तर हाक कुणाला मारू?”

तिचे म्हणणे असे होते की, जुन्या गल्लीत सून शेतात गेली की नातवंडे समोरच्या वाड्यात खेळत. समोरच्या घरची म्हातारी सुपात दाणे घेऊन ओट्यावर बसलेली असे आणि तिचे लक्ष दहा लेकरांवर असे. नव्या गावात घरे जमिनीच्या मानाने वाटली गेली. समोरच्यांची जमीन जास्त, त्यांचे घर मोठ्यांच्या रांगेत गेले, मावशीचे लहानांच्या. दोघींत आता चार रस्ते होते. घरांना ओटाही नव्हता. पुढे लोकांनी आपल्या हाताने ओटे घातले, भिंती ओढल्या, आडोसे केले आणि त्या सरळ रांगांना पुन्हा गावाचे रूप आणले. आज जाऊन पाहिले तर ते दिसते.

याच कामात एक चांगली गोष्टही झाली, ती येथे नोंदविली पाहिजे. जी गावे हलविली नाहीत, जेथे घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती, अशा शेकडो गावांतून बायांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांचा यात पुढाकार होता. दिवसभर घरात जी वावरते तिला घराविषयी विचारावे, ही साधी गोष्ट. पण आपल्याकडे ती सरकारी कागदावर यायला भूकंप व्हावा लागला.

दोन वर्षांनी नांदेडला घर पाहायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात मावशीचे वाक्य होते. थोरली चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. हे म्हणत, कचेरीजवळ पाहू. माझे म्हणणे, तुम्ही नऊ तास कचेरीत, मी चोवीस तास घरी. तेव्हा माझ्या पायांनी पाहू. आत्याबाई बरोबर होत्या. त्यांनी घर आतून पाहिलेच नाही. आधी हापशावर गेल्या, दोन घागरी भरायला किती वेळ लागतो ते पाहिले, आणि पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकले. “मचूळ हाय,” म्हणाल्या. ते घर तेथेच राहिले.

दुसरे घर पसंत पडत होते, पण प्लॉट गुंठेवारीचा निघाला. नव्या भगिनींसाठी सांगते : शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठे तुकडे पाडून, बिनशेती परवानगीवाचून विकलेली ही वस्ती. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्वस्त म्हणून गरीब व मध्यम माणसाला तोच परवडे. पण विकणाऱ्याने रस्ता सोडलेला नसे, नाली नसे, मैदान तर नसेच. आणि आपली जमीन पडली काळी! पावसाळ्यात त्या चिखलातून लेकराला शाळेत न्यायचे म्हणजे एक चप्पल पायात, एक चिखलात. २००१ साली महाराष्ट्रात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला व २०२१ मध्ये त्याची मुदत वाढविली गेली. कागद पक्का झाला, परंतु जे मैदान कधी सोडलेच नाही ते कायदा कोठून आणणार?

नदीच्या बाजूचेही एक घर होते, किराया कमी. शेजारच्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ आत्याबाईंनी बोटाने दाखविली. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून पाणी सुटले, गोदावरीला मोठा पूर आला आणि नदीकाठच्या सखल वस्त्यांतून पाणी शिरले, तेव्हा त्या रेघेची मला आठवण झाली.

शेवटी आपल्या वसाहतीत आलो, याचे कारण सांगितले तर हसाल. येथे तेव्हा अवघी बावीस घरे होती. घर पाहायला आलो ती वेळ दुपारी चारची. तीन ओट्यांवर तीन बाया बसलेल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत लेकरे. धाकटा कडेवरून उतरला आणि त्यांच्यात गेला. त्यातल्या एका काकूंनी मला नाव-गाव विचारायच्या आधी त्याचे नाक पुसले. आत्याबाई म्हणाल्या, “आता घर दाखवा.”

शाळा मात्र जवळ नव्हती. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम शिक्षण हक्काच्या कायद्याने आला तो २०१० साली. आमची लेकरे तेव्हा मोठी झाली होती. हमरस्ता ओलांडून, ट्रका चुकवीत चार वर्षांचे लेकरू बालवाडीत धाडायला कोणाचे मन होईना. तेव्हा आपल्या मंडळाने २००० सालच्या जून महिन्यात एका भगिनीच्या पडवीत बालवाडी सुरू केली. अकरा लेकरे, एक सतरंजी, चिंचोके आणि पाटी. यात नवे काही नव्हते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हेच केले. लेकरू शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार, आणि ‘अंगणवाडी’ या शब्दामागे तोच आहे. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ ची. आपल्याकडे ती आली तेव्हा आपली पडवी आपोआप रिकामी झाली.

मधल्या मोकळ्या जागेची हकीकत जुन्या सभासदांना ठाऊक आहे. मंजूर रेखांकनात साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. तो सोडलेला होता म्हणूनच ती जागा होती. तिच्यावर दोनदा बांधकामाचे दगड येऊन पडले. दोन्ही वेळा आपण रेखांकनाची नक्कल काढली, सह्या केल्या आणि संध्याकाळी तेथेच भजनाला बसलो. तिसऱ्यांदा दगड आले नाहीत. दोन झाडे मेली, सहा जगली.

लातूरला माझ्या धाकट्या जाऊबाई राहतात, नव्या वाढीव भागात. घर सुरेख, शाळा दारात. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, बोअर आटले आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सारा देश ती आगगाडी पाहत होता. जाऊबाई दोन्ही लेकरे घेऊन दोन महिने आपल्याकडे होत्या. आल्या त्या दिवशी धाकट्याने नळ सोडला आणि नुसता पाहत उभा राहिला. त्याला रागावायचे आमच्याने झाले नाही.

लातूरला तर आता आणखी एक रीत पडली आहे. शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांमुळे ‘लातूर पॅटर्न’ गाजला, तशा आया मुलांना घेऊन दूरदूरच्या गावांहून येऊन खोली घेतात. बाप शेती सांभाळत मागे राहतो. थोरल्याच्या अभ्यासापायी आलेल्या या बिऱ्हाडात धाकटे लेकरूही असते, आणि त्याच्यासाठी त्या खोल्यांच्या इमारतीत ओटा नसतो. याविषयी तिकडील एखाद्या मंडळाने काही करावे असे मला फार वाटते.

आपल्याकडे मे महिना लागला की नवी माणसे घर पाहायला येतात. गेल्या वर्षी परभणीकडची एक सूनबाई आली होती, पाळण्यातले मूल घेऊन. तिने पाणी विचारले, शाळा विचारली, पावसाळ्यात नाली तुंबते का ते विचारले, मग जरा घुटमळून म्हणाली, “काकू, दुपारी इथं कोण असतं?” मी तिला चार वाजेपर्यंत थांबवून घेतले.