कागदावरची धून फितीवर

आजची गोष्ट इंग्लंडची आहे. कागदावर लिहिलेलं संगीत कानावर येईपर्यंत मध्ये कोणाचे हात राबतात, त्याची.

डेलिया डर्बीशरचा जन्म १९३७ चा, कॉव्हेंट्री शहरातला. महायुद्धात तिथं बाँब पडले तेव्हा ती तीन वर्षांची होती. धोक्याच्या भोंग्याचा चढता-उतरता आवाज तेव्हापासून कानात बसला, असं ती सांगायची. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकली. १९५९ साली डेक्का या रेकॉर्ड कंपनीत काम मागितलं, तर उत्तर आलं, रेकॉर्डिंगच्या कामाला आम्ही बायका घेत नाही! पुढच्या वर्षी ती बीबीसीत लागली आणि १९६२ पासून तिथल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. नाटकांना, कार्यक्रमांना नवनवे आवाज तयार करून देणारा हा विभाग. तो १९५८ साली उभा करण्यातही डॅफ्नी ओरम ही बाईच पुढे होती.

१९६३ साली टीव्हीवर ‘डॉक्टर हू’ मालिका येणार होती. रॉन ग्रेनर यांनी तिची धून कागदावर लिहून दिली. काही ठिकाणी तर सूर नव्हतेच, नुसतं ‘ढग’, ‘वाऱ्याचा बुडबुडा’ असं लिहिलेलं. आता ढग वाजवायचा कसा?

तेव्हा आजच्यासारखा कीबोर्ड नव्हता. डेलियानं एक तार छेडली, तो आवाज फितीवर घेतला. फीत जोरात फिरवली की सूर चढतो, हळू फिरवली की उतरतो. असा एकेक सूर मिळवायचा, इंचात मोजून ब्लेडनं कापायचा, पुढच्याला चिकटवायचा. गोधडीच म्हणा ना. गणित इथं कामाला आलं. मदतीला डिक मिल्स होते. एकदा सगळ्या फिती जुळेनात, कुठंतरी एक सूर चुकत होता. तेव्हा दोघांनी फिती लांब व्हरांड्यात शेजारी शेजारी पसरल्या आणि जोड मोजत चूक शोधली.

धून ऐकून ग्रेनर चकित झाले. तिचंही नाव लागावं म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण बीबीसीत नाव विभागाचं जायचं, माणसाचं नाही. आता आपल्या मसाल्याच्या पाकिटावरही गटाचंच नाव असतं, कांडणारीचं नसतं. पण ते आपण बैठकीत ठरवतो. डेलियाला कोणी विचारलं नव्हतं.

१९६९ मध्ये ‘व्हाइट नॉइज’ या नावानं तिनं दोन साथीदारांबरोबर पॉप गाण्यांची तबकडी काढली, त्यातही असेच कापून जोडलेले आवाज. काही वर्षांनी तिनं बीबीसी सोडली. २००१ साली ती वारली. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ साली, पन्नास वर्षांनी.

ती गेल्यावर घराच्या माळ्यावर नाश्त्याच्या खोक्यांत भरलेल्या २६७ फिती निघाल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठानं सांभाळल्या आहेत, तिच्या नावानं.